जमा

सावतानगरच्या दुकानापुढे चुन्याने वर्तुळं काढली
तेव्हा हात हलला, एक अंडाकृती झालं.
त्यात उभं राहायला गिऱ्हाईक धजेना.
काउंटरला आडवी दोरी बांधली,
सासऱ्यांनी गावाहून आणलेली, म्हशीची.

याद्या फोनवर यायच्या, रात्री दोनलासुद्धा.
यादीवरून घर दिसतं हे मला तेव्हा कळलं.
कुणाकडे मैदा एकाएकी वाढला,
कुणाची मशेरी अगदी तळाशी,
नाव न घेता: "ते नेहमीचं".

बच्छाव मॅडमची यादी तीन पानी.
गहू पन्नास किलो, तूरडाळ दहा,
वीस साबण, फिनेल, मेणबत्त्या
(लाइट कशाला जाईल? तरी मेणबत्त्या),
आणि शेवटी बिनसाखरेची बिस्किटं,
बारा पुडे, "ह्यांच्यासाठी".
मी म्हटलं, ताई, दुकान कुठे पळून जातंय?
"दुकान असेल हो," म्हणाल्या
आणि पुढचं बोलल्या नाहीत.

निकमकाका मात्र रोज यायचे.
आज काडेपेटी, उद्या दहा रुपयांचा चहा.
प्रेसमध्ये आयुष्य गेलेलं, नोटा मोजण्यात.
ताटलीत नोट टाकायचे,
मी वरून सॅनिटायझर मारायची
आणि मास्कच्या वर त्यांचे डोळे हसायचे:
"आमची सुटताना झडती व्हायची, पोरी,
एक नोट बाहेर जाऊ नये म्हणून.
आता बघ, तिला कुणी शिवेना."
काका, महिन्याचं एकदम न्या ना, मी ओरडायची.
"एकदम नेलं तर उद्या कुठे जाऊ?"

मार्च सरता सरता दिंडोरीचा एक पोरगा
पिकअप भरून द्राक्षं घेऊन आला. दहा रुपये किलो.
जहाजात चढायची होती म्हणे ही.
पाव किलोच्या वर कधी न गेलेल्यांनी क्रेट उचलले.
गच्च्यांवर जुनी लुगडी, त्यांवर द्राक्षं,
आठवड्यात अख्ख्या सिडकोला आंबूस गोड वास,
माश्या, आणि या गच्चीवरून त्या गच्चीवर हाका,
"तुमच्या सुकल्या का?"
इतकं बोलणं मी त्या गल्लीत
आधी कधी ऐकलं नव्हतं.

मला पास होता, रविवार कारंज्यावरून माल आणायचा.
द्वारकेजवळ हायवेला माणसं चालत होती,
डोक्यावर ट्रंक, कडेवर पोर.
मी टेम्पोत, तांदळाच्या गोणीवर बसलेली.
एका बाईने माझ्याकडे नाही, गोणीकडे बघितलं.
मी ड्रायव्हरला थांब म्हटलं नाही.
पुढच्या खेपेला म्हटलं.
ती माणसं दुसरी होती.

दुसऱ्या एप्रिलात बच्छाव मॅडमनी
तीच यादी पुन्हा पाठवली, तारीख बदलून.
मेच्या शेवटी स्वतः आल्या.
चुना केव्हाच धुऊन गेलेला,
तरी नेमक्या वर्तुळाच्या जागी थांबल्या.
पिशवीतून एकेक पुडा काढून ठेवला. सात.
"बाकीचं सगळं खपेल," म्हणाल्या,
"हे आमच्यात कुणी खात नाही."

माझ्या डोक्यावर सासऱ्यांच्या अक्षरात पाटी:
विकलेला माल परत घेतला जाणार नाही.
त्यांनी ती वाचली असणार, वर्षानुवर्षं.
मी गल्ला उघडला. "पैसे नकोत, वहीत राहू दे."
वहीत लिहिलं: बच्छाव, जमा,
आणि पुढे आकडा घालायला
पेन उचललं ते तसंच धरून बसले.

मागे निकमकाका उभे होते,
त्या अंडाकृतीच्या जागी.
त्या जाईपर्यंत पुढे सरकले नाहीत.
मग म्हणाले, "त्यातला एक पुडा दे."
काका, साखर निघाली की काय तुम्हाला?
"छे."
ताटलीत नोट ठेवली, पुडा खिशात घातला.
"सात आहेत ना? मग आठवडाभर
काडेपेटीचं नाव काढू नकोस."